साळवे बाईंची निषादी

साळवे बाईंबद्दल लिहायला बसलो की आधी राग येतो, मग बाई आठवतात. खरं तर आधी माणूस आठवावा, राग मागाहून यावा. पण बाईंच्या बाबतीत तसं होत नाही. त्या स्वतः तरी कुठे रागाशिवाय कधी दिसल्या? मात्र त्यांच्या रागाला शिस्त होती. माझ्या रागाला नाही, आणि त्याचं कारण पुढे येईल.

यमुना साळवे. वेल्ह्याच्या आमच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या, मी गणित. अंगाने बारीक, आवाज मात्र मैदानापलीकडच्या टेम्पोवाल्याने वळून बघावं असा. वर्गात त्यांचं मराठी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. 'न'ला 'न' आणि 'ण'ला 'ण'. राग आला की तेच मराठी सरळ त्यांच्या गावाला निघून जायचं. 'नाही'चं 'न्हाई' झालं की पोरं वह्या मिटून गप बसत. मुख्याध्यापकही एकदा बोलता बोलता थांबले होते, बाईंनी 'व्हय का?' म्हटलं म्हणून.

माझ्याशी त्यांची ओळख मात्रांवरून झाली. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्यापुढे एक वही सरकवली आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही मोजण्यातले. ह्या ओळीतले लघु-गुरू मोजून द्या. मला वाचताना बरोबर वाटतंय, पण वाटण्यावर माझा विश्वास नाही."

मी मोजलं. भुजंगप्रयात होतं. एक लघु, दोन गुरू, असं चार वेळा. ओळी अशा होत्या:

मला राखणे पाच माझे निखारे,
दुजीच्या घराचे विझो दीप सारे.

बरोबर आहे, म्हणालो. मग विचारलं, हे बोलतंय कोण? "कुंती," बाई म्हणाल्या. "लाखेच्या घराला आग लावायच्या आधी."

त्या दिवशी मला कळलं की बाई पद्यात नाटक लिहीत होत्या.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेलीच. पांडवांना जाळून मारायला लाखेचं घर बांधलं होतं. पांडवांना त्याचा सुगावा लागला, त्यांनी आतून भुयार खणलं, घराला स्वतःच आग लावली आणि निसटले. आपण इथवरच सांगतो आणि टाळ्या वाजवतो. पण पोथीत आणखी दोन ओळी आहेत. त्या दिवशी कुंतीने अन्नदान केलं होतं. रानात राहणाऱ्या निषादांपैकी एक बाई तिच्या पाच मुलांना घेऊन जेवायला आली. पोटभर जेवून सहाही जणं तिथेच झोपली. सकाळी राखेत सहा प्रेतं सापडली, एका बाईची आणि पाच मुलग्यांची. लोकांनी मानलं की कुंती आणि पांडवच जळाले. मग कुणी पाठलाग केला नाही. त्या बाईचं नाव पोथीत नाही. मुलांचीही नाहीत.

ही गोष्ट बाईंना पुस्तकात भेटली नव्हती. त्यांची आई श्रावणात पोथी ऐकायला गावातल्या पाटलांच्या घराशी जायची. ओसरीवर ह्यांच्या लोकांना जागा नव्हती, म्हणून ती खाली, वळचणीच्या पाण्यात उभी राहून ऐकायची. एकदा हा अध्याय झाला आणि तिने खालूनच विचारलं, "मग जी जळली त्यांचं काय झालं?" वरची माणसं हसली. पोथी वाचणारे म्हणाले, त्यांचं काय व्हायचं, ती मेली. पुन्हा हशा झाला. आईने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाई सात वर्षांच्या होत्या. त्या म्हणायच्या, आई चिडली नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. चिडायचं काम तिने माझ्यावर सोडलं.

नाटक लिहून व्हायला त्यांना चार वर्षं लागली. बाईंनी स्वतःवर एक अट घालून घेतली होती. पोथीत नाही अशी एकही घटना घ्यायची नाही. मला ते विचित्र वाटायचं. म्हटलं, तुम्ही कवी आहात, हवं तर निषादीला जागी करा, पळवा, कुंतीला पकडून द्या. बाई म्हणाल्या, तसं केलं तर ते माझं समाधान होईल, तिचं नाही. ती जळलीच आहे. "घडलं ते बदलायचा हक्क कवीला नाही. पण ती झोपली होती ना, तिला बोलतं करायचा आहे."

म्हणून त्यांनी भाषेत काम केलं. कुंती आणि पांडव अक्षरगणवृत्तात बोलत, घट्ट बांधलेल्या, एक अक्षर इकडे-तिकडे न होणाऱ्या ओळींत. निषादी बोलायची ओवीत, जात्यावर बसल्यासारखी. शेवटचा प्रवेश पुष्कळ वर्षांनंतरचा. कुंती म्हातारी होऊन वनात राहायला गेली आहे आणि तिथे वणवा लागतो. तिचा शेवट पोथीत असाच आहे, आगीतच. बाईंनी एवढंच केलं, की त्या धुरात निषादीला तिच्यासमोर आणून उभं केलं. कुंती आपल्या वृत्तात बोलायला जाते, आणि तिची ओळ तिसऱ्या गणावर मोडते. पुन्हा सुरुवात करते, पुन्हा मोडते. तेव्हा निषादी म्हणते:

पान वाढलं, पानी दिलं,
पाच लेकरांचं पोट भरलं,
नाव तेवढं इचारायचं र्‍हायलं,
तुझ्याकडनं, बाई.

आणि आयुष्यभर वृत्तात बोललेली कुंती पहिल्यांदा ओवीत बोलते:

थोरल्यापासनं सांग बाई,
आज मला कसली घाई,
जाळ आला तरी हलनार न्हाई,
ऐकल्याबिगर.

निषादी एकेका मुलाचं नाव सांगते. पाच नावं. मग पडदा. शाप नाही आणि माफीही नाही.

निषादीचं काम बाईंनी हिराबाईंना दिलं. हिराबाई राजगडाखालच्या पाली गावच्या, आमच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. लिहिता-वाचता जेमतेम येत होतं, पण एकदा ऐकलेलं विसरत नसत. मुलांची नावं त्यांनीच सुचवली. बाईंनी काढलेली संस्कृत वळणाची नावं ऐकून त्या म्हणाल्या, असली नावं आमच्याकडं कोन ठेवतंय? आणि धुतलेली पातेली पालथी घालता घालता त्यांनी पाच नावं सांगितली. धोंडू, कोंडू, मंगळ्या, बारकू, सोन्या. मुलं रंगमंचावर दिसत नव्हती. पाच पत्रावळ्या मांडलेल्या असत, तेवढंच.

कुंतीचं काम बाई स्वतः करत. सगळ्यांना वाटलं होतं की त्या निषादी होतील. मी विचारलंही. बाई म्हणाल्या, बिचारीचं काम कुणीही करेल, लोक आपोआप रडतात. अपराध करणारीचं काम अवघड असतं, कारण तिचंही खरं असतं. तेव्हा ते लिहिणाऱ्याने करावं. कुंतीच्या ओळी म्हणताना बाईंचा चेहरा असा काही होई की समोरच्याला वाटावं, ही आई पोरांना वाचवेल नाही तर काय करेल.

शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रयोग ठरला आणि संस्थेच्या अध्यक्षांचा निरोप आला. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा वाईट माणूस नव्हते, असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. त्यांनी बाईंना ऑफिसात बोलावलं, मला आणि मुख्याध्यापकांनाही बसवलं. आधी नाटकाचं कौतुक केलं. मग म्हणाले, "बाई, तुमचा धर्म आता वेगळा. आमच्या पोथीत तुम्ही कशाला हात घालता?"

बाई उभ्याच होत्या. त्यांनी आईची गोष्ट सांगितली, जशी मला सांगितली होती तशीच, आवाज न चढवता. मग म्हणाल्या, "ओसरी तुमची व्हती, अण्णा. पोथी आमी बी ऐकलीया. भिजत ऐकलीया."

प्रयोग झाला. अण्णा आले नाहीत. पण त्या दिवशी पुण्याहून एक पाहुणे आले होते, नाटकं बसवणारे. पानशेतच्या बाजूला त्यांचं शनिवार-रविवारचं घर होतं. प्रयोग संपल्यावर ते बाईंच्या पाया पडायला वाकले. म्हणाले, हे मातीतलं आहे, मला द्या, मी स्पर्धेत उतरवतो. बाईंनी वही दिली. एकच सांगितलं, की शब्द बदलायचा नाही. ते म्हणाले, छे, कसं शक्य आहे?

सहा महिन्यांनी भोरला त्यांचा प्रयोग लागला, दुपारी तीनचा. बाईंना साधं आमंत्रणही नव्हतं. आम्ही तिघं तिकीट काढून गेलो, बाई, हिराबाई आणि मी. हिराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. दारात पत्रक मिळालं. त्यावर दिग्दर्शकांचं नाव मोठ्या अक्षरांत, खाली नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा, सगळ्यांची नावं. आणि तळाला एक ओळ: मूळ कल्पना, एका ग्रामीण शिक्षिकेची.

बाईंनी ती ओळ वाचली, पत्रकाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. मीच म्हणालो, छपाईत राहिलं असेल. हे वाक्य मी का बोललो? सोळा वर्षं ज्या माणसाशेजारी बसून डबा खाल्ला, त्याचं नाव पुसलेलं दिसत असताना पुसणाऱ्याची बाजू सावरायची मला काय गरज होती? पण आपल्याला सवय असते. चांगल्या कपड्यांतल्या माणसाची चूक ही चूक नसते, छपाईतली गडबड असते.

नाटक देखणं होतं. धूर होता, तांबडा प्रकाश होता, बासरी होती. निषादी ओवीत बोलत नव्हती. तिलाही सुंदर वृत्त दिलं होतं, आणि ती कुंतीपेक्षाही शुद्ध बोलत होती. शेवटचा प्रवेश आला. वणवा पेटला. कुंती गुडघ्यांवर बसली. बासरी वाढत गेली आणि निषादीने हात वर केला, कुंतीच्या मस्तकावर ठेवण्यासाठी. ती म्हणाली, मी तुला क्षमा केली आहे. आजूबाजूला रुमाल निघाले.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. हलक्या आवाजात त्या म्हणाल्या, स्वतःशीच, "जिला जाळली तिच्याकडनंच माफी बी काढून घेतली."

आणि पलीकडे हिराबाई उठून उभ्या राहिल्या.

तिसऱ्या रांगेत, डोक्यावर पदर घेऊन. त्यांनी आरडाओरडा केला नाही. शाळेत म्हणत तशीच ओवी म्हटली. पान वाढलं, पानी दिलं. पुढच्या रांगेतले लोक मागे वळले. कुणी हसलं, कुणी शू शू केलं. ओवी पुरी झाली तेव्हा रंगमंचावर त्या नटीचा हात तसाच अधांतरी होता. तिला बिचारीला काय करावं कळेना. मग माझ्या शेजारून, खुर्चीत बसूनच, बाईंनी कुंतीचं उत्तर दिलं. थोरल्यापासनं सांग बाई. हिराबाई नावं सांगू लागल्या. धोंडू. कोंडू. एव्हाना कार्यकर्ते रांगेत शिरले होते. त्यांनी दोघींना दंडाला धरून बाहेर काढलं. मंगळ्या हे नाव दारातून ऐकू आलं. पुढची दोन बाहेर कुठेतरी म्हटली गेली असतील.

मी खुर्चीवरून उठलो नाही.

ह्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे, आणि एकही कारण सापडलेलं नाही. नोकरी जाईल असं तेव्हा मनात आलंही नव्हतं. लोक बघत होते, एवढंच. प्रयोग संपला तेव्हा सगळ्यांबरोबर मीही दोन-तीनदा टाळ्या वाजवल्या.

संस्थेकडे तक्रार गेली. बाईंकडून खुलासा मागवला गेला. त्यांनी कागदावर दोन वाक्यं लिहिली: नाटक माझे आहे. त्याचा शेवट चुकला होता, तो आम्ही दुरुस्त केला. साक्षीदार म्हणून मलाही विचारणा झाली. मी लिहून दिलं की गोंधळ झाला त्या वेळी माझे लक्ष नव्हते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई नेहमीच्या जागी येऊन बसल्या. माझं पत्र त्यांना ऑफिसात दाखवलं गेलं होतं. मी डबाही उघडला नव्हता. त्यांनी वही सरकवली आणि म्हणाल्या, "सर, भोरला तुमचं लक्ष नव्हतं म्हणे. आज द्या. चौथ्या ओळीत एक अक्षर जास्त होतंय."

त्यांनी मला एवढीच शिक्षा केली. ती अजून पुरी झालेली नाही.

बाईंची बदली संस्थेच्या दुसऱ्या शाळेत झाली, घाटाच्या तोंडाशी. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. रोज दोन एसट्या बदलून त्या जात. त्यांनी त्याबद्दल अर्ज केला नाही. पण हिराबाईंचं खिचडीचं काम काढून घेतलं गेलं. कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिथे बाई पेटल्या. दर गुरुवारी अर्धी रजा टाकून त्या पंचायत समितीत जाऊन बसत. साहेब मीटिंगला गेलेत म्हटलं की बाकावर बसून राहत. कारकून सांगायचा, त्या बसल्या की आत कुणाला धड काम सुचत नाही. वर्षभर बसल्या. हिराबाईंना काम परत मिळालं नाही. कोपऱ्यातल्या सहीवाल्यापासून वरच्या खुर्चीपर्यंत एकाही माणसाला सांगता आलं नाही की ह्या बाईचा दोष काय. ज्यांना सांगता येत नव्हतं त्यांनीच सह्या केल्या होत्या, आणि त्यांत माझ्यासारखेच लोक होते, घरी नीट वागणारे, पोरांना गृहपाठ समजावून सांगणारे.

निवृत्त झाल्यावर बाईंनी नाटक स्वतःच फिरवायला सुरुवात केली. दोघीच, कुंती आणि निषादी. पांडव वजा केले. बाई म्हणाल्या, ते तसेही पळूनच गेलेत. पालीला गड उतरून आलेल्या पोरांसमोर जेवणाच्या एका अंगणात केलं. कुठे खळ्यावर, कुठे समाजमंदिरात. कामथडी हे माझं गाव. तिथे देवळासमोरच्या पटांगणात प्रयोग लावायचं मी ठरवलं. भावकीतल्या चार जणांनी समजावलं, कशाला नसती ब्याद. ह्या वेळी मी हटलो नाही. सतरंज्या मीच टाकल्या. मी हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. भोरच्या त्या दुपारपुढे सतरंज्या म्हणजे काहीच नाही.

उन्हं कलताना प्रयोग संपला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं तशीच बसून राहिली. मग एक म्हातारी, कानाने अधू, काठी टेकत पुढे आली आणि हिराबाईंना विचारू लागली, "बाई, शेवटल्याचं नाव काय म्हनलीस? मला ऐकाय आलं न्हाई." हिराबाई तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, सोन्या. म्हातारीने मान हलवली आणि ती घराकडे गेली. बाई पत्रावळ्या गोळा करत होत्या. त्यांनी ते ऐकलं.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात, नसरापूरच्या फाट्यावर. भर दुपार होती. त्या वेल्ह्याच्या एसटीची वाट बघत होत्या आणि समोर एक तरुण हातवारे करत बोलत होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी जवळ गेलो. बाईंनी ओळख करून दिली, हे आमच्या विहाराचे सेक्रेटरी.

भांडण नव्या नाटकाचं होतं. बाई आता छन्नावर लिहीत होत्या. सिद्धार्थ घर सोडून निघाला तेव्हा त्याच्या घोड्यासोबत जो सेवक गेला आणि रिकामा घोडा घेऊन राजवाड्यात परतला, तो छन्न. राजपुत्राच्या बायकोला ती बातमी त्याला सांगावी लागते. सेक्रेटरींचं म्हणणं होतं की नाटक उत्तम आहे, विहारात जरूर करू. फक्त त्या प्रवेशात ती बायको चिडलेली दाखवू नये. तिने समजून घेतलेलं दाखवावं. आपल्या लोकांच्या भावना असतात.

मला भोरचं सभागृह आठवलं, तो अधांतरी हात आठवला. मी बाईंकडे पाहिलं. वाटलं, आता तरी ह्या थकतील. आधी त्या ओसरीवरचे, आता घरचे. सत्तरीकडे आलेल्या बाईने किती वेळा तेच सांगायचं?

बाई थकल्या नव्हत्या. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत त्या म्हणाल्या, "दादा, नवरा न सांगता निघून गेला. कडेवर तान्हं पोर. तिला राग न्हाई यायचा व्हय? आन तिचा राग ऐकून कमी व्हईल एवढा ल्हान हाय का तो?"

तरुण काही म्हणणार तोच एसटी आली. गर्दी होती. बाई माझ्याकडे बघून हसल्या, येते सर म्हणाल्या आणि चढल्या. सेक्रेटरी खाली क्षणभर घुटमळला. त्याला कुठेही जायचं नव्हतं. त्याची मोटरसायकल मागे चहाच्या टपरीशी उभी होती, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. मग तो धावला आणि सुटत्या गाडीच्या दाराचा दांडा धरून आत शिरला. कंडक्टरने घंटी मारली.

गाडी वेल्ह्याच्या रस्त्याला वळली तेव्हा मागच्या काचेतून ती दोघं दिसली. बसायला जागा नव्हती, उभीच होती, वरचा दांडा धरून. दोघंही एकाच वेळी बोलत होती. वळणावर गाडी कलली तेव्हा त्याने बाईंची पिशवी आपल्या हातात घेतली. बोलणं थांबलं नव्हतं.